एदलाबादची लेक : माहेरच्या मतदारसंघावर उभं राहिलेलं एक राजकारण

१९६५ च्या जुलै महिन्यात जळगावच्या तरुण आमदार प्रतिभा पाटील यांचं लग्न अमरावतीच्या देवीसिंह शेखावत यांच्याशी झालं. दीड-पावणेदोन वर्षांत विधानसभेची निवडणूक लागली. आपल्याकडे लग्न झालं की मुलीचं नाव आधी रेशनकार्डावरून निघतं, मग मतदार यादीतून, आणि राजकारणाची हौस असलीच तर ती सासरी जाऊन भागवायची असते. प्रतिभाताईंनी १९६७ ला अर्ज भरला तो अमरावतीत नव्हे, आणि पाच वर्षांपूर्वी जिथून निवडून आल्या त्या जळगावातही नव्हे. त्या एदलाबादला गेल्या. म्हणजे आजचं मुक्ताईनगर. तिथून त्यांनी १९६७, १९७२, १९७८ आणि १९८० अशा लागोपाठ चार निवडणुका जिंकल्या आणि १९८५ पर्यंत तिथल्या आमदार राहिल्या.

प्रतिभाताई म्हटलं की लोकांना राष्ट्रपती भवन आठवतं. त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण शेवटाकडून सुरुवात करतात आणि मग सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर निघतं : दिल्लीची मर्जी आणि गांधी घराण्यावरची निष्ठा. उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. दिल्लीची मर्जी असलेले पुढारी त्या काळी महाराष्ट्रात ढिगाने होते. त्यांतल्या कित्येकांना स्वतःच्या तालुक्यात डिपॉझिट सांभाळताना घाम फुटायचा. प्रतिभाताईंनी विधानसभेच्या पाच निवडणुका लढवल्या आणि पाचही जिंकल्या. त्यामुळे मला इथे त्यांच्या पहिल्या २३ वर्षांचंच प्रकरण मांडायचं आहे. एका बाईने सासरचा नव्हे, माहेरचा मतदारसंघ कसा धरला, तो सुटल्यावर त्यांच्या राजकारणाची जात कशी बदलली, आणि त्याच मातीत पुढे आलेल्या बायकांच्या वाट्याला काय आलं.

नाडगाव ते विधानसभा

जन्म १९ डिसेंबर १९३४, नाडगावचा. हे गाव आता बोदवड तालुक्यात आहे आणि बोदवड तालुका मुक्ताईनगर मतदारसंघात. वडील नारायणराव पाटील वकील होते. शाळा जळगावच्या आर. आर. विद्यालयात, कॉलेज मूळजी जेठा म्हणजे आमच्याकडे सगळे ज्याला ‘एम. जे.’ म्हणतात ते. राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र घेऊन एम. ए., मग मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी, मग जळगावच्या कोर्टात वकिली. टेबल टेनिस उत्तम खेळायच्या, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत बक्षिसं मिळवली होती. १९५० च्या दशकातल्या जळगावात वकिलीचा काळा कोट घालणारी आणि टेबल टेनिस खेळणारी मुलगी म्हणजे गावभर माहिती असलेली मुलगी. उमेदवाराला लागते ती पहिली गोष्ट, ओळख, त्यांच्याकडे तिकिटाच्या आधीपासून होती.

१९६२ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्र झाल्यानंतरची पहिली. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला जो मार दिला होता तो ताजा होता. यशवंतराव चव्हाणांना नवी, शिकलेली, जिल्ह्याजिल्ह्यांतली माणसं हवी होती. प्रतिभाताईंना जळगावचं तिकीट मिळालं आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्या आमदार झाल्या. त्या वर्षी काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या, तेव्हा लाटेत निवडून आल्या असं कुणी म्हटलं तर वाद घालण्यात अर्थ नाही.

त्याच वर्षी चीनचं युद्ध झालं. जळगाव जिल्ह्यात त्यांनी महिला होमगार्ड उभं केलं आणि त्याच्या कमांडंट झाल्या. ही बाब चरित्रांत एका ओळीत उरकली जाते. मला ती मोठी वाटते. महिला मंडळात हळदीकुंकू करणं वेगळं आणि चारचौघांच्या मुली मैदानावर कवायतीला आणणं वेगळं. मुलगी मैदानावर यायची तर आधी तिच्या बापाशी, भावाशी बोलावं लागतं, त्यांचा विश्वास बसावा लागतो. असं घराघरांतलं बोलणं पुढे निवडणुकीत कामाला येतं.

लेक असण्याचा फायदा

आता मुख्य मुद्द्याकडे. एदलाबाद कशामुळे टिकलं?

मतदारसंघ सोपा नव्हता. पूर्व खानदेशचं हे टोक, एका बाजूला तापी, मधून पूर्णा, पलीकडे मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर आणि खाली विदर्भातलं मलकापूर. नदीकाठी केळी, वर कपाशी आणि ज्वारी. लेवा पाटीदार, मराठा, गुजर, कोळी, बौद्ध, मुस्लिम, धनगर, थोडे तडवी. प्रतिभाताई राजपूत समाजाच्या. त्या समाजाची गावं आहेत, पण एकट्या त्या मतांवर ही जागा निघण्यासारखी नाही. म्हणजे जातीचं गणित मांडून हे कोडं सुटत नाही.

काही वर्षांपूर्वी याच पट्ट्यातल्या एका गावी एक मेची ग्रामसभा पाहिली होती. आखाजीचे दिवस होते, सासुरवाशिणी माहेरी आलेल्या. सरपंच एक बाई होती, त्याच गावची सून. समोर पहिल्या रांगेत तिचे सासरे आणि चुलत सासरे बसलेले. तिने पदर पुढे ओढून, अर्धवट पाठ फिरवून जमाखर्चाचा कागद वाचला. कुणी प्रश्न विचारला की सासरेच उत्तर द्यायचे. तेवढ्यात मागून एक बाई उभी राहिली, गावची लेक, सणाला आलेली. आईच्या गल्लीतल्या नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी येत नाही म्हणून तिने ग्रामसेवकाला असं काही धारेवर धरलं की तो वही चाळायला लागला. म्हाताऱ्यांनाही नावं घेऊन, ‘काका, तुम्ही तरी बोला ना’ म्हणून ओढलं. तिचं नाव त्या गावच्या मतदार यादीत असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी कुणी अडवलं नाही. जिच्या सहीने गावचा कारभार चालतो तिला बोलता येत नव्हतं, आणि जिला कायद्याने बोलायचा हक्क नव्हता ती सभा चालवत होती.

लेकीला गावात एक मोकळीक असते. ती कुणाच्याही ओट्यावर बसते, कुणाच्याही घरात भाकर खाते, पाटलाशी भांडते, आणि तिचं भांडण कुणी मनावर घेत नाही. सुनेला हे सगळं मिळायला दोन बाळंतपणं आणि एक सासू जावी लागते. प्रतिभाताईंनी एदलाबाद निवडलं तेव्हा त्यांनी हा हिशेब मांडला होता असा माझा दावा नाही. पण त्या मतदारसंघात त्या लेक म्हणून फिरल्या आणि लेकीला जे दरवाजे उघडे असतात ते त्यांना उघडे मिळाले, हे १८ वर्षांच्या निकालांवरून दिसतं.

गंमत अशी की त्या फिरल्या मात्र डोक्यावर पदर घेऊन. पूर्ण बाह्यांचं पोलकं आणि डोक्यावरून न ढळणारा पदर ही त्यांची ओळख पुढे दिल्लीपर्यंत टिकली. राजपूत घरची रीत तशीच. शहरी स्त्रीवाद्यांना हा पदर खटकायचा. २००७ मध्ये पडदा पद्धतीबद्दल त्या जे बोलल्या त्यावर वाद झाला, तेव्हा त्या पदराचीही बरीच चर्चा झाली. गावाकडून पाहिलं तर त्यात मला चतुराई दिसते. चालणं-बोलणं लेकीचं, पेहराव सुनेचा. म्हाताऱ्या माणसांना आक्षेप घ्यायला जागाच उरत नाही.

नावाचंही तसंच. लग्नानंतर आपल्याकडे मधलं नाव नवऱ्याचं लागतं आणि आडनाव त्याच्या घराचं. त्या ‘प्रतिभा देवीसिंह पाटील’ झाल्या. मधे नवरा, शेवटी बाप. शेखावत हे आडनाव एदलाबादच्या केळीच्या बागेत कुणाला उच्चारायलाही जड गेलं असतं. पाटील म्हटलं की काम भागतं.

लाट आणि लाटेविरुद्ध

१९६७ ला काँग्रेसच्या २७० पैकी २०३ जागा होत्या, १९७२ ला २२२. या दोन्ही वेळा काँग्रेसचं तिकीट म्हणजे अर्धं काम झालेलं. खरी परीक्षा १९७८ ची. आणीबाणी होऊन गेलेली, काँग्रेस फुटलेली. त्या निवडणुकीत जनता पक्षाला ९९, काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या, म्हणजे दोन्ही काँग्रेस मिळूनही बहुमत नाही. सहा वर्षांपूर्वीचे दणदणीत आमदार घरी बसले. एदलाबादने प्रतिभाताईंना निवडून दिलं. कारकिर्दीतला एकच निकाल पुराव्याला काढायचा झाला तर मी हा काढीन. लाटेत सगळेच तरतात.

मंत्रिपदांचं थोडक्यात सांगतो. १९६७ ते ७२ उपमंत्री : आरोग्य, दारूबंदी, पर्यटन, गृहनिर्माण, संसदीय कामकाज. १९७२ पासून कॅबिनेट : समाजकल्याण, मग आरोग्य, मग दारूबंदी, पुनर्वसन आणि सांस्कृतिक कार्य, १९७७-७८ ला शिक्षण. १९८२ नंतर नगरविकास आणि गृहनिर्माण, शेवटी नागरी पुरवठा आणि समाजकल्याण. यादी लांब आहे, पण काय नाही ते पाहा. गृह नाही, महसूल नाही, अर्थ नाही, पाटबंधारे नाही, सहकार नाही. महाराष्ट्रात पुढारी मोठा होतो तो पाटबंधारे आणि सहकार या दोन खात्यांतून. कुठल्या गावाला पाट जाणार आणि कुठल्या सोसायटीला कर्ज मिळणार, हे ज्याच्या हातात, जिल्हा त्याच्या हातात. बाईला समाजकल्याण द्यायचं ही रीत तेव्हाही होती आणि आज ‘महिला व बालविकास’ या नावाने चालू आहे. अपवाद शिक्षणाचा आणि नगरविकासाचा. पण ते दोन्ही काळ वर्ष-दीड वर्षाचे.

विरोधी बाकावर

१९७८ च्या जुलैत शरद पवारांनी वसंतदादांचं सरकार पाडलं आणि पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं, सरकार आणलं. आपल्याकडे ‘पाठीत खंजीर’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून राजकारणात जो रुळला तो अजून निघाला नाही. कोण कुठल्या काँग्रेसमध्ये हे सकाळ-संध्याकाळ बदलत होतं. प्रतिभाताई इंदिरा गांधींच्या बाजूला राहिल्या आणि जुलै १९७९ ते फेब्रुवारी १९८० विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. त्यांच्या अगोदर काही महिने विदर्भातल्या प्रभा राव त्याच खुर्चीवर होत्या. म्हणजे एका विधानसभेत लागोपाठ दोन बायका विरोधी पक्षनेत्या. मला हा योगायोग वाटत नाही. पक्षाच्या पडत्या काळात जबाबदारीची जागा बाईला सहज मिळते, कारण पुरुष त्या वेळी दुसऱ्या दारात चपला काढत असतात.

फेब्रुवारी १९८० मध्ये पवारांचं सरकार बरखास्त झालं. निवडणुकीत इंदिरा काँग्रेसला २८८ पैकी १८६ जागा मिळाल्या, प्रतिभाताई एदलाबादहून पुन्हा आल्या. कालपर्यंत जी विरोधी पक्षनेती होती तिच्याकडे सत्ता आल्यावर मुख्यमंत्रिपदासाठी पाहिलं जाईल, असं संसदीय रिवाज सांगतो. मुख्यमंत्री झाले बॅरिस्टर अंतुले. पुढची दोन वर्षं प्रतिभाताईंच्या मंत्रिपदांच्या यादीत कोरी आहेत. नाव पुन्हा दिसतं ते १९८२ मध्ये, अंतुले गेल्यावर. निष्ठेचं फळ लगेच मिळतं हा समज किती पोकळ आहे हे या दोन वर्षांवरून कळावं. आणि या दोन वर्षांत त्यांच्या हाताशी काय होतं? एदलाबाद. मंत्रिपद नसलेला पण घरची जागा पक्की असलेला आमदार पक्षाला फेकून देता येत नाही. ज्याची जागाही गेली तो मुंबईच्या आमदार निवासातल्या व्हरांड्यात दिसेनासा होतो.

संस्था : जिथे घोडं पेंड खातं

सहकार खातं मिळालं नाही, पण संस्था त्यांनी काढल्या, त्यांत सहकारीही. श्रमसाधना ट्रस्ट, त्याची दिल्ली-मुंबईतली नोकरदार महिलांची वसतिगृहं, जळगावजवळ बांभोरीला ग्रामीण मुलांसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय, अंधांसाठी औद्योगिक प्रशिक्षण. मुक्ताईनगरला संत मुक्ताबाई सहकारी साखर कारखाना, जळगावला त्यांच्याच नावाची महिला सहकारी बँक. राज्याचं महिला विकास महामंडळ उभं राहण्यातही त्यांचा वाटा होता.

यांतली वसतिगृहं आणि कॉलेज ठीक चाललं. बँक आणि कारखाना मात्र बुडाले. बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये रद्द केला, कारखाना कर्जाच्या थकबाकीत अडकला. २००७ मध्ये विरोधकांनी हे सगळं बाहेर काढलं तेव्हा दिल्लीच्या पत्रकारांना ते नवं होतं, जळगावकरांना नव्हतं. ठेवीदारांत बायका होत्या. धुण्याभांड्यांतून, शिवणकामातून साठवलेले पैसे होते. कोण दोषी, कुणी कुणाला कर्ज दिलं, हा चौकशीचा विषय आहे आणि तो त्या-त्या ठिकाणी झाला. मला त्यातला राजकीय परिणाम सांगायचा आहे. पश्चिम महाराष्ट्रात कारखान्याच्या संचालक मंडळातून पुढची पिढी तयार होते. आज संचालक, उद्या सभापती, परवा आमदार. महिला बँक नीट चालली असती तर तिच्या संचालिका ही पूर्व खानदेशातल्या राजकीय बायकांची पहिली फळी ठरली असती. ती फळी तयारच झाली नाही. प्रतिभाताईंच्या मागे प्रतिभाताईंनी घडवलेली अशी दुसरी बाई खानदेशच्या राजकारणात दाखवता येत नाही, आणि त्यांच्या कारकिर्दीवरचा माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. राष्ट्रपती असतानाच्या मर्सी पिटिशन (फाशी माफीचे अर्ज) आणि परदेश दौऱ्यांवर बाकीच्यांनी भरपूर लिहिलं आहे.

माहेर सुटतं

१९८५ मध्ये त्या राज्यसभेवर गेल्या. त्याच वर्षी देवीसिंह शेखावत अमरावतीहून विधानसभेवर निवडून आले. ही अदलाबदल बारकाईने पाहण्यासारखी आहे : बायकोने माहेरची जागा सोडली आणि नवऱ्याने सासरच्या, म्हणजे स्वतःच्या, गावची जागा घेतली. पुढे १९९१ ला लोकसभा लढवायची वेळ आली तेव्हा प्रतिभाताई उभ्या राहिल्या त्या अमरावतीतून, आणि जिंकल्या. २००९ मध्ये मुलगा रावसाहेब शेखावत आमदार झाला तोही अमरावतीचाच. घराण्याचं राजकारण विदर्भात गेलं. खानदेशात वारस ठेवला नाही, ना पोटचा ना संस्थेतला.

मधली पदं भराभर सांगून टाकतो. १९८६ ते ८८ राज्यसभेच्या उपसभापती. १९८८ ते ९० प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्ष, आणि मुख्यमंत्रिपदावर शरद पवार. म्हणजे १९७८ चा हिशेब न विसरलेल्या दिल्लीने लावलेला तोल. २००४ मध्ये राजस्थानच्या पहिल्या महिला राज्यपाल. या सगळ्या नेमणुका. यात मतपेटीशी संबंध आला तो १९९१ ला एकदाच. पहिली २३ वर्षं निवडून येण्याची, पुढची २७ बहुतांशी नेमले जाण्याची; कारकीर्द मधोमध दुमडलेली आहे आणि घडी बरोबर १९८५ वर पडते. निष्ठेवर चाललेलं राजकारण म्हणायचं ते या दुसऱ्या भागाला म्हणा, माझी हरकत नाही.

आणि तरी २००७ ला राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत माहेर आणि सासर दोन्ही कामाला आले. समोर उमेदवार भैरोंसिंह शेखावत, राजस्थानातल्या सीकर जिल्ह्याचे. देवीसिंहांचं मूळ घराणंही सीकरकडचं. तिकडे प्रतिभाताई शेखावतांची बहू. इकडे शिवसेना भाजपबरोबर असूनही बाळासाहेबांनी मराठी माणूस म्हणून त्यांना मतं दिली. ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ अशा मतमूल्याने त्या निवडून आल्या आणि २५ जुलै २००७ ला शपथ घेतली. नाडगावात फटाके फुटले ते लेकीसाठी. पण मतदारसंघ केव्हाच दुसऱ्याचा झाला होता.

त्याच मातीतल्या पुढच्या दोघी

१९९० मध्ये ही जागा भाजपच्या एकनाथ खडसे यांनी, म्हणजे सगळ्यांच्या नाथाभाऊंनी, जिंकली. मग १९९५, १९९९, २००४, २००९, २०१४. सहा वेळा. नाथाभाऊंचं गाव कोथळी, मुक्ताईचं जुनं मंदिर आहे तेच. प्रतिभाताईंचे १८ वर्षं, नाथाभाऊंचे जवळपास ३०. या तालुक्याला माणूस बदलायची घाई नसते.

त्या घरातून दोन बायका राजकारणात आल्या. एक सून, एक लेक.

सून रक्षा खडसे. २०१० मध्ये कोथळीच्या सरपंच, २०१२ मध्ये जळगाव जिल्हा परिषदेवर, तिथे शिक्षण-आरोग्य समितीच्या सभापती. २०१३ मध्ये पती निखिल यांचं निधन झालं. २०१४ ला भाजपने विद्यमान खासदार हरिभाऊ जावळे यांच्या जागी त्यांना रावेरचं लोकसभेचं तिकीट दिलं आणि सव्विसाव्या वर्षी त्या तीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आल्या. ‘नाथाभाऊंची सून’ एवढीच त्यांची ओळख धरणारे तेव्हा बरेच होते, आणि तेव्हा ते बरोबरही होतं.

मग ऑक्टोबर २०२० मध्ये नाथाभाऊ भाजप सोडून राष्ट्रवादीत गेले. गावोगाव एकच प्रश्न : आता रक्षाताई काय करणार? सासरा एका पक्षात, सून दुसऱ्या, आणि घर एकच. आपल्या रीतीप्रमाणे सुनेने सासऱ्याच्या मागे जायचं असतं. त्या गेल्या नाहीत. भाजपमध्येच राहिल्या, २०२४ ला तिसऱ्यांदा जिंकल्या आणि केंद्रात युवक कल्याण व क्रीडा राज्यमंत्री झाल्या. आणि ही निवडणूक चालू असताना नणंद रोहिणी खडसे शरद पवारांच्या राष्ट्रवादीच्या महिला आघाडीच्या प्रदेशाध्यक्ष होत्या, म्हणजे रक्षाताईंच्या विरोधातल्या उमेदवाराच्या पक्षात.

लेक रोहिणी. जळगाव जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या अध्यक्ष राहिलेल्या. म्हणजे जे सहकार प्रतिभाताईंना दाराबाहेरून करावं लागलं ते यांना दाराच्या आतून मिळालं होतं. २०१९ मध्ये भाजपने नाथाभाऊंचं तिकीट कापून रोहिणीताईंना मुक्ताईनगरात उभं केलं. लेक, माहेरचा मतदारसंघ, तीस वर्षांची बापाची पुण्याई. दोन हजारांहून कमी मतांनी त्या अपक्ष चंद्रकांत पाटलांकडून हरल्या. २०२४ ला राष्ट्रवादीकडून उभ्या राहिल्या आणि पुन्हा चंद्रकांत पाटलांकडूनच मोठ्या फरकाने हरल्या.

तर मग लेक असण्याचा फायदा कुठे गेला? इथे माझ्या वरच्या मांडणीला मुरड घालावी लागते. प्रतिभाताई माहेरच्या गावांची लेक होत्या. तिथे त्यांच्या आधी त्यांच्या बापाची आमदारकी नव्हती. कुणाचा राग, कुणाचं देणं त्यांच्या पदरात आयतं पडलं नव्हतं. रोहिणीताई नाथाभाऊंची लेक होत्या, आणि तीस वर्षांत बापाने जेवढे मित्र केले तेवढेच शत्रू केले होते. पक्षातले त्यात जास्त. बापाविरुद्ध जे मत द्यायचं धाडस कुणी केलं नाही ते लेकीविरुद्ध निघालं. रक्षाताईंचं वेगळं. लोकसभेचा मतदारसंघ सहा विधानसभांचा, नाथाभाऊंवरचा राग त्यातल्या एका तालुक्यापुरता. शिवाय त्या सरपंचपदापासून पायऱ्या चढून आलेल्या, आणि सासऱ्याच्या मागे न जाऊन त्यांनी ‘सून’ हे बिरूद स्वतःहून उतरवून ठेवलं.

२०२४ च्या लोकसभेत खानदेशातल्या चारही जागांवर मुख्य लढतीत एक बाई होती. जळगावला स्मिता वाघ, रावेरला रक्षा खडसे, धुळ्याला शोभा बच्छाव जिंकल्या. नंदुरबारला दोनदा खासदार राहिलेल्या हीना गावित हरल्या. चारांत तीन. दिल्लीच्या वर्तमानपत्रांत याचं कौतुक झालं. सहा महिन्यांनी विधानसभा झाली. जळगावच्या ११, धुळ्याच्या ५, नंदुरबारच्या ४, अशा वीस जागांतून एकच बाई निवडून आली, साक्रीच्या मंजुळा गावित. जळगाव जिल्ह्यात एकही नाही.

खासदारकी लांब असते. दिल्लीला जायचं, प्रश्न मांडायचा, रेल्वेचा थांबा मिळवायचा. तहसीलदार, पोलीस निरीक्षक, रस्त्याचा ठेकेदार, जिल्हा नियोजनचा पैसा हे सगळं आमदाराच्या हाताखालून जातं, आणि ती जागा पुरुष बाईला सोडतात ती तात्पुरती. चोपड्याला २०१४ मध्ये चंद्रकांत सोनवणे आमदार होते, २०१९ ला त्यांच्या पत्नी लताबाई आल्या, २०२४ ला पुन्हा चंद्रकांत सोनवणे. प्रतिभाताईंनी १८ वर्षं धरून ठेवली होती ती जागा याच जातीची, आमदारकीची. १९९० पासून आजवर मुक्ताईनगरातून विधानसभेवर एकही बाई गेलेली नाही.